धरलेली गुठळी विरते कुठं? कापूस वेचणीच्या हंगामातलं एक प्रकरण

रुग्ण ३१ वर्षांची शेतमजूर बाई, वजन ४४ किलो, दोन मुलांची आई. गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचं, नागपूर-हैदराबाद महामार्गापासून आत. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आठवडाभर कणकण, हिरड्यांतून रक्त, पाळी सुरू झाली ती थांबायचं नाव नाही आणि अंगावर काळेनिळे डाग. सोबत नवरा आणि सासू. सासूच्या हातात खासगी लॅबचा कागद, त्यावर प्लेटलेटच्या आकड्याभोवती लाल पेनाचं वर्तुळ: २४,०००.

दिवस दिवाळीच्या आसपासचे. शेताशेतांत सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन पहिली वेचणी सुरू झालेली, आणि आमच्या वॉर्डात डेंग्यूच्या संशयाचे रुग्ण खाटेखाली गादी टाकून. या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की गावात निदान आपोआप ठरतं. पपईच्या पानांचा रस घरी पाजून झालेला असतो, एखादं सलाईन लागलेलं असतं, आणि माणूस आमच्याकडं येतो तो फक्त ‘पेशी चढवायला’. या बाईचंही तेच झालं होतं. गावात तापाचं म्हणून दंडात एक इंजेक्शन दिलं गेलं होतं. ती जागा तळहाताएवढी काळी पडून सुजली होती.

सासूनं सांगितलेलं एक वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं: “सायेब, रगत थांबते जी, पन थांबून रायत नाई. रातच्याले पुन्हा चालू होते.”

अशी वाक्यं आपण बहुधा कानाआड करतो. इथं निदानाची निम्मी वाट त्यातच होती. प्लेटलेट कमी असलेल्या माणसाचं रक्त थांबायलाच वेळ लागतो. थांबलं की सहसा थांबतं. हिचं उलट. तिच्या बोटांवर वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी झालेल्या बारीक खरचटी होत्या, वेचणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातावर असतात तशा. आठवडाभरापूर्वीच्या, खपली धरलेल्या त्या खरचटींतून आता परत रक्त पाझरत होतं. आदल्या दिवशी सुई काढलेल्या जागेवरचा कापूसही भिजलेला. गुठळी होत होती; टिकत नव्हती.

शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून अकारण रक्त येतंय म्हटल्यावर विदर्भात पहिला प्रश्न सापाचा. घोणसाच्या विषानं रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचं फायब्रिन-जाळं ज्यापासून विणलं जातं ते प्रथिन, संपून जातं आणि रक्त गोठतच नाही. दुसरा प्रश्न विचारायला अवघड, तो मी नवऱ्याला बाहेर पाठवून विचारला: घरात उंदराचं औषध आहे का, ताई? कोणी काही खाल्लं-बिल्लं का? ती शांतपणे ‘नाई’ म्हणाली. नवऱ्याला नंतर कळलं तेव्हा तो चिडला, आणि त्याचं चिडणं साहजिक होतं. पण उंदराच्या औषधानं आठवड्यानं सुरू झालेला रक्तस्राव आम्ही पाहिलेला आहे आणि घरचे ते लपवतात हेही. त्या विषात रक्त गोठायला वेळ लागतो, पण प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन सहसा जागेवर असतात. म्हणजे हिच्या २४,००० चा हिशेब त्यानं लागत नव्हता.

सर्पदंशासाठी करतात ती वीस मिनिटांची काचनळीची चाचणी केली. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं हात न लावता, मग नळी तिरकी करून बघायचं. गुठळी झाली होती, मऊसर, पण होती. सिस्टरांनी वहीत ‘गोठलं’ असं लिहिलं. घोणस बाजूला पडला. नळी ट्रेमध्येच राहिली. तिच्या शेजारी दुसरी एक नळी होती, बांधावर काहीतरी चावलं म्हणून आणलेल्या एका पोराची. दीड-दोन तासांनी सिस्टरच मला बोलवायला आल्या. पोराच्या नळीतली गुठळी घट्ट होती, नळी उलटी केली तरी हलत नव्हती. बाईच्या नळीत मात्र गुठळीचे तुकडे झाले होते, आणि उरलेलं रक्त पाण्यासारखं इकडून तिकडं वाहत होतं.

या एका नळीवरून निदान करू नये. चाचणी ढोबळ आहे, आणि फायब्रिनोजेन कमी असेल तर गुठळी मुळातच कच्ची होते. तरी ‘रक्त गोठत नाही’ आणि ‘गोठलेलं रक्त विरघळतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कारणं वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. त्या रात्रीचं बाकी सगळं याच फरकावर चाललं.

कागदावर परत नजर टाकली. हिमोग्लोबिन ७.२, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट २४,०००. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात, त्यामुळं मशीनचा छापील कागद फसवा ठरतो. पण डेंग्यूत रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त दाट होतं, हिमोग्लोबिन सहसा वर जातं. इथं ते सातवर. डेंग्यूची एनएस-१ तपासणी निगेटिव्ह. तापही नावालाच. तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम खाली असतील तर काचपट्टी बघायचीच. आमच्या लॅब टेक्निशियननं लीशमन रंग देऊन पट्टी केली आणि मोबाइलचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला लावून फोटो पाठवले. पांढऱ्या पेशी थोड्याच होत्या, पण त्यातल्या काही आडदांड. मधोमध खाच पडलेलं दुभंग केंद्रक, आत गच्च जांभळे कण, आणि एका पेशीत सुयांची मोळी बांधून ठेवावी तशा काड्या. रक्तविकाराच्या डॉक्टरांना या मोळ्या म्हणजे आउअर रॉड्सचे जुडगे हे लगेच ओळखू येतात. नागपूरच्या तज्ज्ञाचा फोन पाच मिनिटांत आला. त्यांचं पहिलं वाक्य, “गाडी काढा.”

संशय अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचा, थोडक्यात एपीएलचा. हा रक्ताचा कर्करोग नॉर्वेच्या हिलस्टाड यांनी १९५७ साली तीन रुग्णांवरून वेगळा म्हणून नोंदवला, आणि त्या नोंदीतही झपाट्यानं होणारा रक्तस्राव हीच त्याची ओळख होती. मूळ बिघाड जनुकांचा. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि पीएमएल-रारा नावाचं जोडजनुक तयार होतं. त्यामुळं पांढऱ्या पेशी प्रोमायलोसाइट या अर्ध्या वाढीच्या टप्प्यावर अडकतात. पण एवढ्यानं रक्त का वाहावं, हे कळत नाही. इतरही ल्युकेमियांत प्लेटलेट २०-२५ हजारांवर येतात, आणि ती माणसं अशी वाहत नाहीत.

उत्तर या पेशींच्या अंगावर आहे. शरीरात गुठळी फोडण्याचं काम प्लाझ्मिन करतं. ते रक्तात तयार फिरत नाही. फिरतं त्याचं निष्क्रिय रूप, प्लाझ्मिनोजेन. रक्तवाहिनीच्या अस्तरातून येणारं टीपीए त्याला छेद देऊन प्लाझ्मिन बनवतं. मोकळ्या रक्तात ही दोघं एकमेकांना क्वचितच गाठतात, आणि गाठलंच तर तयार झालेल्या प्लाझ्मिनला अँटिप्लाझ्मिन लगेच निकामी करतं. म्हणून हे काम प्रामुख्यानं पृष्ठभागावर होतं. एक पृष्ठभाग खुद्द फायब्रिनच्या जाळ्याचा, दुसरा पेशींचा. पेशीच्या पृष्ठभागावर ॲनेक्सिन ए-२ हे प्रथिन त्याच्या जोडीदारासह, पी-११ सह, दोन-दोनच्या चौकडीनं बसतं आणि टीपीए आणि प्लाझ्मिनोजेन या दोघांना एका जुवाला जुंपल्यासारखं शेजारी आणून उभं करतं. न्यूयॉर्कच्या कॅथरीन हज्जर यांच्या गटानं १९९४ मध्ये दाखवलं की ॲनेक्सिनच्या उपस्थितीत टीपीएची प्लाझ्मिन बनवण्याची कार्यक्षमता सुमारे ६० पटींनी वाढते. शिवाय पेशीला चिकटून असलेल्या प्लाझ्मिनपर्यंत अँटिप्लाझ्मिनचा हात सहज पोचत नाही.

निरोगी माणसात हे प्रथिन वाहिन्यांच्या अस्तरावर बेतानं असतं आणि आतल्या बाजूला जमणारं फायब्रिन साफ करत राहतं. एपीएलच्या पेशींवर ते बेसुमार असतं. १९९९ मध्ये याच गटानं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेलं काम मला अजूनही या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. १५-१७ ची अदलाबदल असलेल्या ल्युकेमिया-पेशी इतर ल्युकेमिया-पेशींच्या दुप्पट कार्यक्षमतेनं प्लाझ्मिन बनवत होत्या. ॲनेक्सिनविरोधी प्रतिपिंड टाकला की ही वाढ थांबत होती. आणि अदलाबदल नसलेल्या पेशींत ॲनेक्सिनचं जनुक घातलं की त्याही तसंच वागू लागत होत्या. संशय, पुरावा आणि उलटतपासणी एकाच निबंधात. पी-११ चं प्रमाणही पीएमएल-रारामुळं वाढतं, हे पुढं दुसऱ्या प्रयोगशाळेनं दाखवलं.

तर सासूबाईंचं ‘थांबून रायत नाई’ हे असं. गुठळी धरत होती, आणि रक्तात फिरणाऱ्या या पेशी ती जागच्या जागी विरघळवत होत्या.

रात्री दहाच्या सुमारास वॉर्डात एक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन भरून ठेवलं होतं. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ते आमच्याकडं कायम हाताशी असतं. त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं: हे औषध प्लाझ्मिनोजेनला फायब्रिनवर आणि पेशीवर चिकटूच देत नाही, मग गुठळी विरघळणं हाच रोग असेल तर याहून योग्य औषध कोणतं? अडचण अशी की एपीएलच्या पेशी एकाच वेळी दोन्ही उद्योग करतात. त्यांच्यावर टिश्यू फॅक्टरही असतो, तो भराभर गुठळ्या करवतो. प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन त्यातही खर्च होतात. विरघळवण्याचं दार बंद केलं की उरते फक्त गुठळी. आणि थोड्याच वेळात सुरू होणाऱ्या मुख्य औषधासोबत ट्रॅनेक्झॅमिक दिल्यानं फुप्फुसात-मेंदूत गुठळ्या होण्याची भीती असते. सरसकट देऊन फायदा झाल्याचंही दिसलेलं नाही. फोनवर तज्ज्ञानं ‘नको’ म्हटलं. सिरिंज बाजूला ठेवली गेली. माझ्या मते ते बरोबर झालं, पण त्या डॉक्टरचा प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता.

आमच्याकडून होण्यासारखं त्यामानानं थोडं होतं. स्नायूत एकही इंजेक्शन नाही, मोठ्या शिरेत नळी घालायची नाही, गर्भधारणेची चाचणी करून घ्यायची (निगेटिव्ह आली), आणि १०८ ची गाडी. जवळच्या ठिकाणी नेऊन आधी प्लाझ्मा चढवावा, असा एक विचार होता. पण फायब्रिनोजेन भरून काढणारं क्रायो आणि मुख्य औषध या दोन्हींची फोनवर खात्री नागपुरातच मिळाली, आणि मधल्या थांब्यात दोन-तीन तास गेले असते. नवरा म्हणाला, “आतापर्यंत तं पेशीच कमी म्हनत होते, आता कॅन्सर कसा झाला?” त्याला काचपट्टीचा फोटो दाखवला. त्याला त्यातलं काय समजलं ठाऊक नाही, पण तो गाडीत बसला. सासू मुलांपाशी गावी परतली.

नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. हिंगणघाटच्या पुढं तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, तेव्हा गाडीतल्या डॉक्टरनं मला फोन केला. एपीएलमध्ये लवकर जाणारे बहुतेक रुग्ण रक्तस्रावानं जातात आणि त्यात मेंदूतला रक्तस्राव पुढं असतो. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर ॲनेक्सिन ए-२ इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतं, असं २००४ च्या एका अभ्यासात आढळलं. मेंदूच का, याचं ते एक पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे. तिथं पोचल्याबरोबर सीटी स्कॅन झालं. मेंदूत रक्त नव्हतं.

तिथले आकडे: फायब्रिनोजेन दर शंभर मिलीला ७८ मिलिग्रॅम (२०० च्या वर असायला हवं), रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आयएनआर १.९, डी-डायमर यंत्राच्या मोजमापापलीकडं. डी-डायमर म्हणजे फुटलेल्या फायब्रिनचे तुकडे. काचनळीत जे डोळ्यांना दिसलं त्याची ही आकड्यातली नोंद.

जनुकाच्या तपासणीचा निकाल यायला दोन दिवस लागणार होते. औषध मात्र त्याच रात्री सुरू झालं. या रोगात नियमच तसा आहे: संशय आला की ट्रेटिनॉइन, दवाखान्याच्या बोलीत ‘आट्रा’, ताबडतोब, निदान चुकीचं निघालं तर बंद करता येतं. हे जीवनसत्त्व अ च्या कुळातलं औषध. मात्रा शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम. हिच्या अंगलोटीला ६० मिलिग्रॅम, म्हणजे सकाळी तीन कॅप्सूल, संध्याकाळी तीन. शांघायच्या वांग झेन-यी यांच्या गटानं १९८८ मध्ये २४ रुग्णांवरचे निकाल छापले तेव्हा रोगी पेशींना मारण्याऐवजी मोठं व्हायला लावायचं ही कल्पना अनेकांना नवलाची वाटली होती. आट्रा अडकलेल्या पेशीला पुढच्या टप्प्यावर ढकलतं, आणि या प्रकरणाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं ॲनेक्सिन उतरवतं. कॅन्सर आटोक्यात यायला महिना लागतो, रक्तस्राव मात्र काही दिवसांतच ओसरू लागतो, तो यामुळं.

तोवर खिंड लढवायची ती रक्तघटकांनी. क्रायो आणि प्लाझ्मा देऊन फायब्रिनोजेन १५० च्या वर, प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर. पहिले तीन दिवस बारा-बारा तासांनी तपासण्या. पाचव्या दिवशी हिरड्या कोरड्या झाल्या, पाळी थांबली. दरम्यान पीएमएल-रारा पॉझिटिव्ह आला होता, आणि पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या खाली असल्यानं ती कमी धोक्याच्या गटात बसत होती. या गटासाठी आट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड एवढंच पुरतं, नेहमीची केमोथेरपी लागत नाही. इटली आणि जर्मनीतल्या रुग्णांवर झालेल्या लो-कोको यांच्या २०१३ च्या चाचणीत या जोडीनं दोन वर्षं रोगाविना काढणारे ९७ टक्के होते, केमोच्या गटात ८६. आर्सेनिक म्हणजे सोमल. चीनच्या हार्बिनमधून १९७० च्या दशकात या औषधाची सुरुवात झाली. नवऱ्यानं ‘विष देऊन रायले का?’ विचारलं, तेव्हा निवासी डॉक्टरनं ‘हो, मोजून’ असं सांगितलं. मला हे उत्तर आवडलं.

नवव्या दिवशी दम लागला. वजन दोन दिवसांत चार किलो वाढलं, पांढऱ्या पेशी १४,००० वर गेल्या. पेशी एकदम मोठ्या होऊ लागल्या की हे होतं, त्याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. डेक्सामेथासोन दहा मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि पेशी आवरायला हायड्रॉक्सीयुरिया. आठवड्यात आटोपलं. वाचकांना हा प्रसंग मोठा वाटेल. वॉर्डात तो अपेक्षितच असतो.

याच प्रथिनाची दुसरी बाजू इथं सांगायला हवी, कारण ती आमच्या ओपीडीत जास्त दिसते. ॲनेक्सिन वाढलं की रक्त वाहतं. ते निकामी झालं तर गुठळ्या साफ होत नाहीत. ॲनेक्सिन ए-२ नसलेल्या उंदरांच्या सूक्ष्म वाहिन्यांत फायब्रिन साचत राहतं. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या गुठळ्या होण्याच्या आजारातल्या काही रुग्णांच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. आणि रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलं तर ते ॲनेक्सिनच्या टोकाला, नवव्या जागेवरच्या सिस्टीनला, जाऊन चिकटतं, आणि टीपीएला बसायची जागा उरत नाही. होमोसिस्टीन वाढण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण बी-१२ ची कमतरता. माळकरी घर, दूध विकायला जाणारं, ताकाचा तेवढा आधार: अशा घरातला तिशीतला माणूस पाय सुजून येतो, शिरेत गुठळी निघते, आणि बी-१२ तळाला गेलेलं असतं. साखळी सुरेख जुळते, पण तिच्यावर भाळू नये. जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवलं, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं. बी-१२ ची कमतरता भरून काढायची ती नसा आणि रक्तासाठी. गुठळीवरचा इलाज म्हणून तिच्या भरवशावर राहायचं नाही.

बाईचं पुढं असं झालं. महिनाभरानंतर अस्थिमज्जेत रोगी पेशी दिसल्या नाहीत. खर्च महात्मा फुले योजनेत बसला, पण रेशनकार्डावर तिचं नाव माहेरच्या आडनावानं होतं आणि ते दुरुस्त करायला नवऱ्याला तहसिलात खेटे घालावे लागले. पुढच्या टप्प्यात आर्सेनिकचं सलाईन आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे द्यायचं आणि चार आठवडे सुटी, अशा चार फेऱ्या. ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम सतत बघायचं, कारण आर्सेनिकनं हृदयाची लय बिघडू शकते. गावाहून रोज नागपूर शक्य नाही. नणंदेकडं एका खोलीत ती राहिली, मुलं आजीपाशी. वेचणीचा तो हंगाम बुडाला, नवऱ्याचीही अर्धी मजुरी गेली. दोन फेऱ्यांनंतर ‘आता बरं वाटते, काहून जायचं?’ म्हणून तिनं थांबायचं ठरवलं होतं. आशाताई घरी जाऊन बसल्या, तिसरी फेरी आठवडाभर उशिरा सुरू झाली.

उपचार संपल्यावरच्या तपासणीत पीएमएल-रारा सापडलं नाही. आट्रा आणि आर्सेनिक दोन्ही गर्भाला घातक, म्हणून सध्या तांबी बसवलेली आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, रक्ताचा नमुना आमच्याकडूनच नागपूरला जाईल.